आवाज जात नाही

“तिला विचार, हे यंत्र कशाला आणलंय,” अण्णा आईला म्हणाले.

मी त्यांच्यापासून चार हातांवर बसले होते. मध्ये आई पोहे निवडत बसली होती.

“अण्णा विचारतात, हे यंत्र कशाला आणलंयस.”

“कॅमेरा आहे म्हणावं. शिकायचा. उद्या संध्याकाळी पुण्याला परत जमा करायचाय.”

“कॅमेरा हाय म्हणती,” आई त्यांच्याकडे बघून म्हणाली. खरं तर माझं बोलणं शेजारच्या जाधवकाकूंनासुद्धा ऐकू गेलं असेल. पण आमच्या घरात आठ महिने हे असंच चाललं होतं. जूनमध्ये मी जिल्हा परिषदेच्या शाळेतली नोकरी सोडली आणि पुण्याला सिनेमा शिकायला गेले. नोकरी वर्षभराचीसुद्धा झाली नव्हती. त्या दिवशी अण्णा म्हणाले, “हातचं सोडून पळत्याच्या मागं लागलीस,” आणि मग त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. शिवी नाही, आदळआपट नाही. नुसतं बोलणं बंद. मीही त्यांचीच मुलगी, खाण तशी माती. मीही माघार घेतली नाही. गणपतीला आले, दिवाळीला आले, आणि दोन्ही वेळा आम्ही बापलेक आईच्या तोंडून बोललो.

“मला काम करणारा माणूस पाहिजे,” मी आईला सांगितलं. “पहिल्या वर्षाचा पहिला धडा आहे. एक माणूस, त्याचं काम, तीन मिनिटं. मुका सिनेमा. प्रत्येकाने एकट्याने करायचा, हाताखाली कुणी नाही. मला अण्णा पाहिजेत.”

आईने तोंड उघडायच्या आत अण्णा म्हणाले, “बार्शीत माणसांचा दुष्काळ पडलाय काय?”

आई पुन्हा पोहे निवडू लागली. अण्णा उठले, चपला घातल्या, उंबऱ्यापाशी थांबले आणि आमच्याकडे पाठ करून म्हणाले, “तिला म्हणावं, सकाळी सातला ये. सौदे सुरू झाले की मला येळ नसतो.”

आई माझ्याकडे बघून हसली. मला मात्र त्या वेळी एवढंच वाटलं, की चला, माणूस मिळाला.

अण्णांचं मार्केट यार्डात तराजूदुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे पत्र्याची खोली. आत दांड्या, पारडी, साखळ्या आणि लोखंडी वजनं. वजन झिजून हलकं झालं की त्याच्या बुडातल्या भोकात शिसं ओतायचं, जास्त झालं की खरवडायचं, आणि मग सरकारी शिक्का मारून आणायचा. सगळ्या यार्डात त्यांच्या हातच्या काट्याबद्दल कुणी शंका घेत नसे. एक आडत्या म्हणायचा, रंगनाथ ढवणाने माप लावलं की देवाने लावलं.

सकाळी मी कॅमेरा घेऊन गेले तेव्हा ते धुतलेला सदरा घालून बसले होते. त्यांनी कॅमेरा माझ्या हातातून घेतला, उलटसुलट बघितला आणि थेट पारड्यात ठेवला. दुसऱ्या पारड्यात एकेक वजन टाकत गेले.

“दोन किलो साडेआठशे,” ते काट्याला म्हणाले. “येवढं वझं हातात धरायचं. पोरीच्या जातीनं.”

मला हसू आलं, पण मी हसले नाही. मी कामाला लागले. आज आठवलं की माझीच मला लाज वाटते, इतके मी त्यांना त्या सकाळी हुकूम सोडले. सदरा बदला, तो रोजचा कळकट घाला. पारडी डावीकडे घ्या. बाकडं सरकवा. हात सावकाश. एवढे सावकाश नाही. परत. अण्णांनी सगळं ऐकलं. गिऱ्हाइकाने एका शब्दाने घाई केली तरी त्याचा तराजू परत देणारा माणूस तो, पण त्या दिवशी मी म्हणेन तसा उठत होता, बसत होता.

तो कॅमेरा चावीवर चालायचा, घड्याळासारखा. एकदा चावी दिली की सत्तावीस सेकंद, मग बंद. सगळी फीत तीन मिनिटांची, तीही एकच मिळायची. चुकलं तर चुकलं. म्हणून चित्र घेताना मनात सेकंद मोजत राहायची मला सवय लागली होती. यंत्र कानाशी घरघरायचं, एक डोळा त्याच्या काचेला, दुसरा मिटलेला, आणि मनात एक, दोन, तीन. आमच्या नायरसरांनी आणखी एक नियम घोटून घेतला होता. समोरच्या माणसाने भिंगात बघायचं नाही. बघितलं की चित्र मेलं, बघणाऱ्याला कळतं की इथे कॅमेरा आहे. बाकी काही चुकलं तर सर समजावून सांगत, हे चुकलं तर सगळ्या वर्गासमोर सोलून काढत.

पाच चाव्या झाल्या. शिसं वितळलं, वजनात ओतलं, काटा स्थिर झाला. सगळं नीट आलं होतं. पण अण्णांचा चेहरा ठोकळ्यासारखा होता. ओठ घट्ट मिटलेले, जसे घरी माझ्यासमोर मिटलेले असायचे तसेच.

“आता गिऱ्हाइकाशी बोलताय असं करायचं,” मी म्हटलं. आठ महिन्यांत पहिल्यांदाच, सकाळपासून मी त्यांच्याशी सरळ बोलत होते हे माझ्या लक्षातही आलं नाही. भिंतीवरच्या खिळ्याला मी माझी पिशवी अडकवली. “हे गिऱ्हाईक. याच्याकडे बघायचं आणि बोलायचं.”

अण्णांनी पिशवीकडे बघितलं.

“काहीही बोला,” मी म्हटलं. “यात आवाज जात नाही. नुसते ओठ हलले पाहिजेत.”

मग त्यांनी पारडं पुसायचं फडकं खाली ठेवलं. मी चावी दिली, डोळा लावला, बटण दाबलं. एक, दोन, तीन.

बाहेर हमालांनी गाडी खाली करायला घेतली होती, पोती धबाधब पडत होती. अण्णा बोलायला लागले. चेहरा सुटला. चांगला सुटला. मी भिंग फिरवून धूसर होत चाललेली कड स्पष्ट करत होते. नऊ, दहा, अकरा. आणि तेवढ्यात त्यांनी पिशवीवरून मान वळवली आणि सरळ भिंगात बघितलं.

माझा जीवच गेला. वाटलं, आता वळतील, आता वळतील. वळले नाहीत. बघत राहिले, बोलत राहिले. चौदा, पंधरा. मला ओरडता आलं असतं, पण ओरडले तर ते दचकतील आणि होतं तेही जाईल. मी डावा हात कॅमेऱ्याच्या बाजूला काढला आणि जोरात हलवला. नको, नको, इकडे नको. एकोणीस, वीस. अण्णा बोलायचे थांबले. थोडा वेळ तसेच बघत राहिले. मग मान खाली घातली, फडकं उचललं आणि पारडं पुसायला लागले. सत्तावीसला कॅमेरा आपोआप बंद पडला.

फीत संपली होती. मी चिडले होते, पण चिडून उपयोग नव्हता.

“काय बोललात हो एवढं?” मी कॅमेरा पेटीत ठेवता ठेवता विचारलं.

“काहीबी बोला म्हणालीस न्हवं,” ते म्हणाले.

“हो, पण काय?”

“झालं का तुझं?”

“झालं.”

“जा मग. गाडी चुकंल.”

मी तिथूनच स्टँडवर गेले. बस टेंभुर्णीच्या पुढे गेल्यावर माझ्या ध्यानात आलं, की अण्णा माझ्याशी बोलले. आईशी नाही, काट्याशी नाही. ‘म्हणालीस’ म्हणाले, ‘जा’ म्हणाले. मी बसमध्ये एकटीच हसले. शेजारच्या म्हातारीने माझ्याकडे जरा संशयानेच बघितलं. बिघडलेलं चित्र मी पार विसरून गेले. आता होळीला जाईन, पुरणपोळी खाईन, आणि आईला म्हणेन, तू आता सुट्टीवर जा, आमचं आम्ही बोलतो. असे बेत करत मी पुण्यात उतरले.

होळीला गेलेच नाही, कारण होळीच्या पाच दिवस आधीच जावं लागलं. अण्णा दुकानात बाकड्यावरच गेले, सकाळी साडेनऊला. डॉक्टरला बोलवायलाही वेळ मिळाला नाही. मी पोचेपर्यंत माझ्यासाठी सगळं थांबवून ठेवलं होतं. आईने मला जवळ घेतलं नाही. नुसती म्हणाली, “बघून घे.” मला वाटलं, दुःखाने तिचं भान गेलंय.

तेरावा झाला आणि आईच म्हणाली, “तू जा आता. तिकडं बुडतंय तुझं.”

वर्गात गेले तर सगळ्यांच्या फिती लॅबमधून धुऊन आल्या होत्या. नायरसर म्हणाले, तुझी नंतर एकटीने बघ, आज नको. मी म्हटलं, सगळ्यांबरोबर बघते. मुलखाची हट्टी. अंधार झाला आणि पडद्यावर अण्णा आले. शिसं ओतताना, काटा निरखताना, आवाज नसलेल्या त्या खोलीत. मी बरी होते. मग शेवटची चावी आली. ते बोलायला लागले, मान वळवली आणि पडद्यावरून सरळ आमच्याकडे बघितलं. मागे कुणीतरी श्वास घेतलेला मला ऐकू आला. मी सरांच्या ओरडण्याची वाट बघत होते.

सर ओरडले नाहीत. त्यांनी तो तुकडा परत लावायला सांगितला. मग त्यांच्या त्या मोडक्या मराठीत हळूच म्हणाले, “हा माणूस कुणाला तरी काहीतरी विचारतो. आणि उत्तरासाठी थांबतो. काय विचारतात ते?”

“काही नाही, सर,” मी म्हटलं. “मीच सांगितलं होतं, काहीही बोला.”

“नाही,” सर म्हणाले. “हे ‘काहीही’ नाही.”

ते वाक्य माझ्या मागे लागलं. पुढे मी शिकले, मुंबईला गेले, टीव्हीच्या मालिकांची दृश्यं जोडायच्या कामाला लागले. दिवसाला हजारो ओठ माझ्यासमोर हलायचे आणि मी त्यांना आवाज चिकटवायची. आणि ज्या एका माणसाचा शब्द मला पाहिजे होता तो माझ्या दोन हातांवर बसून बोलला होता आणि मी मोजत होते. अण्णांनी मला माफ केलं होतं की नव्हतं? ते बोलले होते ते रागाचं होतं की मायेचं? एखाद्या वेळी वाटायचं, शेवटची शिवीच दिली असेल. एखाद्या वेळी वाटायचं, शिवी दिली असेल तर तीही चालेल, पण कळू दे. आईला मी कधी विचारलं नाही. ती तिथे नव्हतीच, तिला काय ठाऊक असणार.

अकरा वर्षं अशी गेली. मग एकदा कर्णबधिरांसाठीचा एक माहितीपट माझ्याकडे आला. तो तपासायला विशाखा टिपरे म्हणून एक बाई येऊन बसायच्या. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या, मुलांना शिकवणाऱ्या. एका प्रसंगात पडद्यावर मागे दोन डॉक्टर उभे होते, त्यांचा आवाज कुठेच नव्हता, आणि विशाखाताई एकदम हसायला लागल्या. मी कागदावर लिहून विचारलं, काय झालं? त्या त्यांच्या जाड, सपाट आवाजात म्हणाल्या, “तो म्हणतोय, जेवण आहे ना नक्की, नाहीतर मी निघतो.”

मी माहितीपट तिथेच थांबवला आणि त्यांना विचारलं, आणखी एका माणसाचे ओठ वाचाल का?

विद्यार्थ्यांच्या जुन्या फिती तोवर डिस्कवर आल्या होत्या, माझ्या फितीची प्रत घरीच होती. दुसऱ्या दिवशी मी अण्णांना घेऊन गेले. विशाखाताईंनी तो सत्तावीस सेकंदांचा तुकडा किती वेळा बघितला ते मी मोजलं नाही. त्या एकदा उठून पडद्याजवळ गेल्या. एकदा मला म्हणाल्या, “मिशी आहे. थोडं जातं त्यात.” मग कागद ओढला आणि लिहायला लागल्या. जे कळलं नाही तिथे रेघ.

‘तिकडं — खायला नीट — का? — बारीक झालीस. — मी एकदा येऊ का तिकडं? तू काय शिकतीस बघायला. — येऊ का?’

“शेवटचं नक्की आहे,” त्या म्हणाल्या. “येऊ का, दोनदा. दुसऱ्यांदा विचारून थांबलेत.”

मला रडू यायला हवं होतं, पण मी हसत सुटले. येऊ का! माझे अण्णा, रंगनाथ ढवण, मला विचारत होते, येऊ का! राग नव्हता. शिवी नव्हती. आठ महिन्यांचा अबोला त्यांनी त्या पत्र्याच्या खोलीत सोडला होता, आणि तोही आवाज जाणार नाही अशी खात्री करून. शोभतच होतं त्यांना ते. मी विशाखाताईंचे हात धरले, सोडेचना. मग शनिवारची वाट न बघता रजा टाकली आणि बार्शीची गाडी धरली. एवढी गोड बातमी फोनवर सांगायची नव्हती.

आई दारात हरभरे सोलत बसली होती. मी चपला काढायच्या आधीच बोलायला लागले. विशाखाताई, डिस्क, ओठ, सगळं एका दमात. “आई, अण्णा मला म्हणाले होते, मी तिकडं येऊ का. त्यांना बघायचं होतं गं मी काय शिकते ते. त्यांचा राग गेला होता!”

आईचे हात थांबले.

“हे तुला आज कळलं?” ती म्हणाली.

“आज नाही, परवा. पण—”

“मला ठाव हाय की ते.”

मी पायातली चपल काढायची विसरले.

“तू गेलीस त्या दिवशी दुपारी घरला आले,” आई म्हणाली. “जेवायला वाढलं तर म्हणले, भूक न्हाई. म्हटलं, काय झालं? तर म्हणले, विचारलं मी तिला. पुण्याला यिऊ का म्हणून. ती नको म्हणाली.”

“मी? मी कुठे नको म्हणाले?”

“हातानंच नको म्हणाली, म्हणले. तोंडानं बोलली पण न्हाई. मी म्हटलं, अवो, कामात असंल पोर, ध्यान नसंल तिचं. तर म्हणले, न्हाई, माझ्याकडं बघूनच म्हणाली. दोनदा विचारलं मी. लाज वाटत असंल तिला, म्हणले, तिकडं मोठ्या घरची पोरं असतील.”

कसला हात, मला कळेना. आणि मग कळलं. बाहेर पोती पडत होती, मी चौदा, पंधरा मोजत होते.

आई पुढे बोलत होती. तिच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. “स्टँडवर जाऊन गाडीची येळ सुदीक विचारून आले होते आदल्या सांजला. तू कॅमेरा घेऊन आलीस नव्हं, त्याच सांजला. पुण्याची सकाळची कंची गाडी, कुठं उतरायचं. मग त्या दिसापासून त्यांनी परत नाव काढलं न्हाई. मीबी काढलं न्हाई.”

“आणि तू अकरा वर्षं मला काही बोलली नाहीस?”

“काय बोलायचं? एका शब्दापायी लेक टाकायची व्हय? गेला तो माणूस गेला. तू जिती हायस. तुझ्या ताटात वाढताना ते गाऱ्हाणं कशाला वाढू?”

अकरा वर्षं. प्रत्येक दिवाळीला तिने मला उटणं लावलं होतं, माझ्या पिशवीत चटणी भरून दिली होती, स्टँडवर सोडायला आली होती. आणि अकरा वर्षं तिच्या लेखी मी ती मुलगी होते जिने बापाला येऊ नको म्हणून हात केला आणि बाप तीन आठवड्यांत गेला. तेवढं पोटात ठेवून ती मला जेवण कर म्हणत होती.

मी खाली बसले आणि तिला सांगायला लागले. घाईघाईने, वर्गात पहिल्या दिवशी मुलांना सांगतात तसं. अगं आई, तो हात त्यांना नव्हता. म्हणजे त्यांनाच होता, पण तसा नव्हता. मला ऐकूच आलं नव्हतं, यंत्राचा आवाज असतो. आणि सिनेमात एक नियम असतो, समोरच्या माणसाने भिंगात बघायचं नसतं. भिंग म्हणजे ती काच. मी तिच्या मागेच उभी असते. अण्णा बघायला लागले म्हणून मी हात केला, की इकडे बघू नका. एवढंच. येऊ नका नव्हे गं, बघू नका.

आई ऐकत होती. दोनतीन दाणे तिच्या हातात तसेच राहिले होते. मी बोलायची थांबले तरी ती हिशोब लागत नसल्यासारखी त्या दाण्यांकडे बघत होती.

“म्हंजी तू त्या काचंच्या मागं होतीस,” ती म्हणाली.

“हो.”

“आणि ते तुला इचारत होते.”

“हो गं.”

“मग त्यांनी बघायचं तरी कुणाकडं?”

आईने आपल्यासमोरचे थोडे हरभरे माझ्याकडे सरकवले, आणि आम्ही दोघी सोलत बसलो.